इंटरलागोस : दिवे विझण्याआधीचे चार दिवस

बुधवार, ३० ऑक्टोबर २०२४

विमानतळाबाहेर आल्याआल्या दादाने मान वर करून आभाळ पाहिलं. ढग होते, पण पाऊस नव्हता. "रविवारी पडणार बघ," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, आधी खोलीवर तर जाऊ."

ब्राझीलमध्ये साओ पाउलोला, इंटरलागोसच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनची शर्यत बघायला यायचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं ते २००८ मध्ये. त्या रात्री घरी सगळे झोपलेले, टीव्हीचा आवाज बारीक केलेला. फेलिपे मासा आपल्या गावची शर्यत जिंकला, त्याच्या गॅरेजमध्ये घरच्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. आणि मग लुईस हॅमिल्टनने शेवटच्या फेरीत, अगदी शेवटच्या वळणांवर टिमो ग्लॉकला गाठून पाचवा क्रमांक मिळवला. मासाने रेषा ओलांडल्यावर साधारण ३९ सेकंदांनी विश्वविजेतेपद त्याच्या हातातून गेलं, तेही एका गुणाने, ९८ विरुद्ध ९७. मी रडले होते. दादाने तेव्हा मला सांगितलं, "ती जागा आपण एकदा बघायची." तिथे पोचायला सोळा वर्षं लागली.

या वर्षीचा हिशेब त्याने टॅक्सीतच मांडला. चोवीस शर्यतींच्या हंगामातली ही एकविसावी, रविवारी लाल दिवे विझले की सुरू होणार. मॅक्स व्हर्स्टापन ३६२ गुण, मॅकलारेन संघाचा लँडो नॉरिस ३१५. फरक ४७ गुणांचा. दादा मॅक्सचा, मी लँडोची, आणि म्हणून गेले सहा महिने घरात फोनवर दुसरा विषय नाही. "सत्तेचाळीस म्हणजे संपलंच," तो म्हणतो. मला ते पटत नाही. जूनमध्ये स्पेनला जिंकल्यापासून मॅक्सला एकही शर्यत जिंकता आलेली नाही. ऑस्टिनला लेक्लेर, मेक्सिकोला साइन्झ, म्हणजे लागोपाठ दोन शर्यती फेरारीने नेल्या. मेक्सिकोत तर लँडोशी दोनदा आडमुठेपणा केला म्हणून मॅक्सला दहा-दहा सेकंदांच्या दोन शिक्षा झाल्या आणि तो सहावा आला. आघाडी मोठी असली तरी ती सांभाळणारी गाडी पूर्वीची राहिलेली नाही.

शिवाय ही शर्यत इंटरलागोसला आहे. २००५ ते २००९ सलग पाच वर्षं विजेतेपदाचा निकाल याच ट्रॅकवर लागला.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

घरी आज नरकचतुर्दशी. आम्ही उठलो ते वेळेच्या फरकामुळे पहाटे चारलाच, तेवढं मात्र रीतीला धरून झालं.

सकाळी मोरुंबीच्या दफनभूमीत गेलो, ब्राझीलचा लाडका ड्रायव्हर आयर्टन सेना इथे आहे. उंच थडगी नाहीत, नुसती हिरवळ पसरलेली आणि जमिनीत सपाट बसवलेल्या धातूच्या पाट्या. शनिवारी इथे 'फिनादोस' आहे, गेलेल्यांची आठवण करायचा दिवस. त्या दिवशी सगळं शहर आपापल्या माणसांना फुलं वाहायला येतं. त्यामुळे फाटकापाशी फुलांच्या बादल्या आत्ताच लागल्या होत्या. आम्ही पिवळी शेवंती घेतली. कुणाकडे जायचंय हे फुलवालीने विचारलंच नाही, नुसता हात करून वाट दाखवली.

आयर्टन सेना दा सिल्वा, २१ मार्च १९६० ते १ मे १९९४. खाली पोर्तुगीजमध्ये एक ओळ : देवाच्या प्रेमापासून मला काहीही वेगळं करू शकत नाही. पाटीवर कुणीतरी पिवळ्या-हिरव्या हेल्मेटचं पोरकट चित्र ठेवलेलं, वर छोटा दगड, वाऱ्याने उडू नये म्हणून. शेजारी एक साठीचे गृहस्थ उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, वाकून पाटीवरची माती पुसली, रुमाल घडी घालून परत खिशात ठेवला आणि निघून गेले. सगळं एका मिनिटात, इतकं सवयीने, की ते नेहमी येत असावेत.

सेना गेल्याला यंदा तीस वर्षं झाली. म्हणून या आठवड्यात हॅमिल्टन सेनाची १९९० सालची मॅकलारेन इंटरलागोसवर चालवणार आहे. ब्राझीलने हॅमिल्टनला दोन वर्षांपूर्वी मानद नागरिकत्व दिलं. ज्याने २००८ मध्ये मासाचं विजेतेपद नेलं, त्यालाच हे लोक आज आपला म्हणतात. त्यामागे सेना आहे, हे त्या दफनभूमीत उभं राहिल्यावर समजतं.

१९९१ ची गोष्ट इथे प्रत्येकाला तोंडपाठ आहे. घरच्या मैदानावर सेनाला तोवर एकदाही जिंकता आलं नव्हतं. त्या दिवशी एकेक गिअर साथ सोडत गेला, शेवटी उरला फक्त सहावा. सावकाश वळणांतही सहाव्या गिअरवर गाडी रेटायची, इंजिन बंद पडू द्यायचं नाही, वरून पाऊस. तीन सेकंदांनी जिंकला आणि हात इतके आखडले होते की करंडक डोक्यावर घेताना धडपडला. परतताना हीच गोष्ट आमच्या टॅक्सीवाल्या काकांनी सांगितली. भाषा अर्धीमुर्धी कळली, पण सहावा गिअर दाखवताना त्यांनी सिग्नलला थांबलेल्या गाडीचा दांडा धरून ओढल्यासारखं केलं आणि दात आवळले.

त्यांच्याचकडून वळणांची नावं शिकलो. इथल्या वळणांना माणसांच्या जिभेवरची नावं आहेत. फेहादुरा म्हणजे घोड्याची नाल. लारांजिन्या, छोटं संत्रं. पिन्येरिन्यो, छोटा पाइन. बिको दे पातो म्हणजे बदकाची चोच : हे सांगताना काकांनी बोटं जुळवून चोच केली आणि दादाच्या नाकापुढे उघडझाप करून दाखवली. मेर्गुल्यो म्हणजे बुडी. मग जुन्साओ, जोड. ग्लॉकला हॅमिल्टनने गाठलं ते इथे. काका जुन्साओ म्हणाले आणि पुढे काहीच बोलले नाहीत.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

ट्रॅकला जायला रेल्वे उत्तम. नऊ नंबरची एस्मेराल्दा लाइन पिन्येरोस नदीच्या काठाने दक्षिणेला जाते. काठावरच्या गवतात कॅपिबारा चरताना दिसले, डुकराएवढे, गाडीकडे ढुंकूनही न बघणारे. स्टेशनचं नावच आउतोद्रोमो. उतरून दहा-पंधरा मिनिटं गर्दीबरोबर चालत राहायचं. अर्जेंटिनाचे निळे-पांढरे झेंडे इतके, की आपण नक्की कुठल्या देशात आलो असं वाटावं. फ्रँको कोलापिंटो विल्यम्सकडून धावतोय आणि त्याच्यासाठी शेजारचा देश लोटला आहे.

ट्रॅकचं नाव आउतोद्रोमो जोझे कार्लोस पाचे. इथलाच माणूस, १९७५ ची शर्यत इथेच जिंकला, त्याच्या आयुष्यातला तो एकमेव विजय. १९७७ मध्ये विमान अपघातात गेला. ट्रॅक उघडला १९४० मध्ये, तेव्हा एक फेरी जवळजवळ आठ किलोमीटरची होती. १९९० मध्ये कापून साधारण ४.३ किलोमीटर केली. रविवारी तिच्या ७१ फेऱ्या.

टीव्हीवर जे कधीच कळत नाही ते इथे पहिल्या क्षणी कळतं : हा ट्रॅक सपाट नाहीच. तो एका वाडग्यात सांडल्यासारखा पडलाय. आमची जागा चढावर, सुरुवातीच्या रेषेच्या अलीकडे. गाड्या डावीकडून उजवीकडे येतात, कारण इथे घड्याळाच्या उलट दिशेने धावतात. त्यात ड्रायव्हरची मान आखडते, कारण वर्षभर बहुतेक ठिकाणी ती उजवीकडच्या वळणांना सरावलेली असते. खाली जुन्साओतून गाडी बाहेर पडते आणि तिथून पहिल्या वळणापर्यंत पाय उचलायचाच नाही. सगळा चढ. आवाज आधी खालून येतो, मग गाडी दिसते, मग छातीत धडधड होते, या क्रमाने.

म्हणून जुन्साओतून बाहेर कसं पडलात यावर इथे सगळं असतं. तिथे चाक जरा घसरलं, की ती चूक पुढे किलोमीटरभर अंगावर घेऊन फिरायची. मागचा तुमच्या हवेच्या आडोशाने चिकटतो आणि पहिल्या वळणापाशी, सेनाच्या नावाच्या 'एस' आकाराच्या वळणांत, उतारावर ब्रेक लावताना आत शिरतो. पण गंमत अशी, की तिथे पुढे गेलेल्यालाही सुटका नाही. लगेच समोरचा सरळ पट्टा, हेता ओपोस्ता, आणि त्याच्या टोकाला तलावाकडे उतरणारं चौथं वळण. ज्याला मागे टाकलं तो तिथे परत उट्टं काढू शकतो. एका फेरीत घेतलेली जागा त्याच फेरीत परत जाते. अशा जागा फार ट्रॅकवर नाहीत.

या वर्षी सगळं डांबर नवीन आहे. नवीन म्हणजे गुळगुळीत, अशी माझी समजूत होती. सराव सुरू झाला आणि गाड्यांच्या पोटाखालून ठिणग्या उडायला लागल्या, काही ठिकाणी गाडी अक्षरशः उसळत होती. ड्रायव्हरही धक्क्यांबद्दल बोलतायत. गाडी जमिनीला जितकी चिकटून ठेवाल तितकी ती चिकटते, पण खाली आपटते. उचलावी तर पकड जाते. ज्या संघाची गाडी थोडी उंचावरही चांगली चालते त्याचं फावणार, आणि ती मॅकलारेन आहे असं मला कालपर्यंत वाटत होतं, आज खात्रीच पटली. सरावात लँडो पहिला. हासचा केविन मॅग्नुसन आजारी पडला म्हणून ऐन वेळी ऑलिव्हर बेअरमनला गाडीत बसवलं आणि तो पोरगा तिसरा आला. १९ वर्षांचा आहे.

स्प्रिंट म्हणजे शनिवारची छोटी शर्यत, आणि क्वालिफाइंग म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या फेऱ्या. दुपारच्या स्प्रिंट क्वालिफाइंगमध्ये लँडोचाच मॅकलारेनमधला जोडीदार पियास्त्री पहिला, लँडो दुसरा, लेक्लेर तिसरा, मॅक्स चौथा. इथे फेरी सत्तर सेकंदांच्या आसपासची. इतकी आखूड, की दशांश सेकंद हरवला तरी दोन-चार जागा जातात. वर मॅक्सने इंजिन बदललं आहे. यंदाच्या ठरलेल्या कोट्याबाहेरचं, त्यामुळे रविवारी पाच जागा मागून सुरुवात. दादा परतीच्या गाडीत गप्प होता.

शनिवार, २ नोव्हेंबर

सकाळी स्टेशनबाहेर पास्तेल खाल्ला. मोठ्या पातळ पुरीत चीज भरून तळलेला, पहिल्या घासाला वाफ तोंडावर येते. सोबत काल्दो दे काना. चरकातून ऊस दोनदा घातला, हिरवा-पिवळा फेस ग्लासात आला आणि मी दादाकडे बघितलं. उसाचा रस! फक्त आलं-लिंबाऐवजी त्यांनी अननस घातला होता.

अकराला स्प्रिंट, चोवीस फेऱ्यांची. कोरडी. पियास्त्री पुढे, लँडो त्याच्या शेपटीला, आणि सगळ्या स्टँडला माहीत की मॅकलारेन आता जागा बदलायला लावणार. त्यांनी लावल्या, पण फार उशिरा. मॅक्स लेक्लेरला ओलांडून मागे येऊन ठेपला होता आणि अजून दोन फेऱ्या असत्या तर काय झालं असतं कोण जाणे. शेवटी लँडो, पियास्त्री, मॅक्स. नंतर मॅक्सला पाच सेकंदांची शिक्षा झाली, व्हर्च्युअल सेफ्टी कारच्या वेळी, म्हणजे ट्रॅकवर धोका म्हणून सगळ्यांना हळू चालवायला लावतात तेव्हा, वेगाचा नियम मोडल्याबद्दल, आणि तो चौथा झाला. फरक ४७ वरून ४४. अजून ११२ गुण शिल्लक आहेत.

मॅकलारेनने दिरंगाई केली असं माझं मत आहे. पियास्त्रीचा पहिला क्रमांक काढून घ्यायचा म्हणजे वाईट वाटणारच, आणि तो गुणी मुलगा आहे. पण नोव्हेंबर आहे. विजेतेपदासाठी लढायचं ठरवलंय तर पहिल्या पाच फेऱ्यांत हा निर्णय घ्यायचा.

मग पाऊस आला.

तो कसा येतो ते सांगितलंच पाहिजे. इथून समुद्र फार लांब नाही आणि शहर सुमारे ८०० मीटर उंचीवर. दक्षिणेकडून, तलावांच्या बाजूने एक राखाडी पडदा पुढे सरकतो. इंटरलागोस म्हणजेच 'तलावांच्या मध्ये' : एकीकडे ग्वारापिरांगा, दुसरीकडे बिलिंग्स, दोन मोठे जलाशय. पलीकडच्या टेकडीवरची घरं आधी फिकट झाली, मग नाहीशी झाली. वाफेसारखा वास आला. विक्रेत्यांचा "कापा! कापा!" असा गलका सुरू झाला, कापा म्हणजे पावसाळी प्लास्टिक. दादाने दोन घेतले. ते अंगात चढेपर्यंत आम्ही भिजलो होतो. गेल्या वर्षी शुक्रवारी असंच दुपारी काळोख झाला आणि वादळाने स्टँडच्या छपराचा भाग उचकटला होता, ते आठवून माझे डोळे वरच्या पत्र्याकडे जात होते.

रविवारच्या शर्यतीसाठीची तीनची क्वालिफाइंग पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे जात राहिली. सेफ्टी कार पाणी बघायला फिरून यायची आणि तिच्यामागे फवाऱ्याची भिंत उभी राहायची. उतारामुळे इथे पाणी साचत नाही, वाहतं. आणि वाहताना ट्रॅक ओलांडून जातं. २००३ मध्ये तिसऱ्या वळणावर असाच ओढा आडवा वाहत होता आणि त्याच एका जागी एकामागून एक गाड्या घसरल्या, मायकेल शूमाकरचीसुद्धा. त्या गाड्यांना मातीतून ओढून काढणारा ट्रॅक्टर आणि पुन्हा येऊन आदळणारी पुढची गाडी, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना आज थांबवल्याचा राग येणार नाही. मला आला नाही. शेजारच्या अर्जेंटिनाच्या पोरांना मात्र आला. त्यांनी गाणी म्हणून तो काढला.

दोन तास आम्ही त्या प्लास्टिकमध्ये बसलो होतो. मध्येच दादा म्हणाला, "आज तारीख किती?" दोन नोव्हेंबर. २००८ ची ती शर्यतही २ नोव्हेंबरची. तेव्हाही शेवटी असाच पाऊस आला होता. म्हणून बहुतेकांनी टायर बदलले, ग्लॉकने नाही बदलले, आणि कोरड्या टायरवर शेवटच्या फेरीत त्याची पकड संपली. कित्येक वर्षं लोकांनी त्या माणसाला दोष दिला. आज खाली जुन्साओकडे बघत बसल्यावर दिसत होतं, त्या ओल्या डांबरावरून कोरड्या टायरने चढ चढणं म्हणजे काय. तो गाडी सरळ ठेवू शकला हेच खूप होतं.

साधारण पावणेपाचला घोषणा झाली : क्वालिफाइंग उद्या सकाळी साडेसातला. शर्यत दोनऐवजी साडेबाराला. म्हणजे पाच तासांत सगळं.

रात्री खोलीवर मोजे हेअर ड्रायरने सुकवत आम्ही भांडलो, अगदी मनापासून. माझं म्हणणं असं. उद्या सकाळी ट्रॅक ओला असेल, पण लँडोला ओल्यात वेग आहे. २०२१ मध्ये रशियात सोचीला ओलसर ट्रॅकवर क्वालिफाइंगमध्ये पहिलं स्थान त्याने मिळवलं होतं. मॅक्सला पाच जागांची शिक्षा आहे. गाडी लँडोची चांगली. त्यामुळे पुढून लँडो सुटला तर मॅक्सला वर येईपर्यंत दहा-बारा गुण तरी जातील.

दादा म्हणाला, "सोचीला शर्यत कोण जिंकलं?" हॅमिल्टन. शेवटच्या फेऱ्यांत पाऊस वाढला, लँडो कोरड्या टायरवर बाहेर थांबला आणि हातातली शर्यत गेली. मग त्याने २०१६ काढली. हाच ट्रॅक, असाच पाऊस, एकोणीस वर्षांचा मॅक्स. चढावर, आम्ही बसतो त्याच पट्ट्यात गाडी आडवी झाली, भिंत तोंडाशी, आणि त्याने ती परत सरळ केली. शेवटच्या पंधरा-सोळा फेऱ्यांत सोळाव्यावरून तिसरा. सगळे जिथून वळण घेत होते तिथून तो घेत नव्हता. बाहेरच्या कडेने, जिथे रबर साचलेलं नसतं आणि पाण्यात पकड मिळते, तिथून जात होता.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला इतकंच वाटतं, की पाऊस थांबत-पडत राहिला तर वेगापेक्षा टायर कधी बदलायचे हे महत्त्वाचं ठरेल, आणि ट्रॅकवर शर्यत थांबवणारा लाल झेंडा आला तर जो अजून टायर बदलायला पिटमध्ये गेलेला नाही त्याचं नशीब उघडेल. थांबलेल्या वेळात टायर फुकट बदलता येतात. मला लँडो जिंकायला हवाय. पण एक हजार मैलांवरूनही ज्याला हलक्यात घेऊ नये असा माणूस उद्या मागून निघणार आहे, हे माहीत असून झोप यायची कशी?

रविवार, ३ नोव्हेंबर, पहाट

साडेचारला उठलो. आज भाऊबीज. ताट नव्हतं, निरांजन नव्हतं. पर्समधली कुंकवाची डबी निघाली, चहाच्या बशीत ती आणि काल घेतलेला पाओ दे केइजोचा, म्हणजे इथल्या चीजच्या पावाचा, एक गोळा ठेवला. दादा पलंगाच्या कडेला कापा घालूनच बसला होता. टिळा लावला. ओवाळायला मोबाइलचा दिवा चालला. ओवाळणी म्हणून त्याने मला लँडोची पिवळी टोपी दिली; स्वतः मॅक्सचा असून शुक्रवारीच माझ्या नकळत घेतली होती.

बाहेर भुरभुर आहे, गारोआ म्हणतात इथे तिला. आउतोद्रोमोच्या गाडीत उभं राहायला जागा नाही. काचेवर पाण्याचे ओघळ, नदी दिसत नाही, कॅपिबारा तर नाहीतच. कुणीतरी फोनवर हवामान बघून मोठ्याने वाचून दाखवतोय, आख्खा डबा ऐकतोय. शब्द कळले नाहीत, पण सगळे एकदम "ऊऽऽ" झाले.

फाटकापाशी पोचलो तेव्हा सात वाजायला आले होते. तिकीट तपासणाऱ्या बाईंनी माझ्या कपाळाकडे बघितलं, मी चुकून स्वतःलाही लावलेलं कुंकू पावसाने नाकावर उतरलं होतं. त्यांनी कागदी रुमाल दिला. तेवढ्यात भिंतीपलीकडे, खालून, कुणीतरी पहिलं इंजिन सुरू केलं, आणि दादा माझा हात धरून जिन्याकडे पळायला लागला.